बाळंतिणीचे ताट

लेकीच्या बाळंतपणासाठी फ्लॉरेन्सला निघाले, तेव्हा माझी निम्मी बॅग अळीव, डिंक, खारीक, बाळंतशेपा आणि जुन्या सुती साड्यांच्या दुपट्यांनीच भरली होती. इटलीत जाऊन चित्रे वगैरे बघायची, हे काही डोक्यात नव्हते. पण लेकीला आठवा लागलेला, डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलेले. मग आम्ही मायलेकी सकाळी हळूहळू गाव हिंडू लागलो.

असेच एकदा पोर्ता रोस्सा रस्त्यावरच्या पालात्झो दावान्झातीत शिरलो. हा चौदाव्या शतकातला वाडा, आता तिथे जुन्या घरसंसाराचे संग्रहालय आहे. बायकांनी अगदी जरूर बघावे असे घर! पाणी प्रत्येक मजल्यावर विहिरीतून थेट ओढून घ्यायची सोय, आणि धूर घरात कोंडू नये म्हणून स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथेच एक रंगवलेले गोल लाकडी ताट दिसले. पंधराव्या शतकातले, लो स्केज्जा नावाच्या चित्रकाराचे. चित्रात तीन तरुण टोप्या उडवायचा खेळ खेळताहेत. लेक म्हणाली, "आई, हे बाळंतिणीचं ताट बरं का. 'देस्को दा पार्तो' म्हणतात याला."

मी थबकलेच. बाळंतिणीसाठी एवढी रंगरंगोटी?

तर त्याचे असे. 1348 च्या प्लेगात फ्लॉरेन्समधली निम्मी किंवा त्याहूनही जास्त माणसे गेली, असे मानतात. पुढच्या प्रत्येक बाळाचे मोल वाढले. मग पैसेवाल्या घरांतून अशी ताटे करवून घेऊ लागले. कुणी लग्नातच घेत, कुणी दिवस गेले म्हणजे. बाळंतिणीला सूप, कोंबडी, गोडधोड यातून न्यायचे आणि नंतर ताट भिंतीवर टांगायचे. लोरेन्झो दे मेदिची 1449 साली जन्मला, तेव्हाचे त्याचे ताट याच लो स्केज्जाने रंगवले होते. 1492 मध्ये लोरेन्झो वारला, तोवर ते त्याच्या खोलीत होते. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याच्या मागच्या बाजूला मेदिची घराण्याचे चिन्ह आहेच, पण आई लुक्रेत्सियाच्या माहेरचे, तोर्नाबुओनींचेही आहे. माहेरची आठवण ठेवली म्हणून मला उगीचच बरे वाटले.

याच तोर्नाबुओनींनी पैसे घालून रंगवून घेतलेली भित्तिचित्रे सांता मारिया नोव्हेल्लाच्या चर्चमध्ये आहेत. गिर्लान्दायोने ती 1485 ते 1490 या काळात काढली. त्यातल्या संत योहानाच्या जन्माच्या चित्रात आई पलंगावर बसली आहे, दासी तबक घेऊन आली आहे, दुसरी डोक्यावर फळांची टोपली घेऊन घाईने येते आहे. कसे भरले घर! पण ती चित्रे करवून घेणाऱ्या जोव्हान्नीची बायको फ्रान्चेस्का 1477 मध्ये बाळंतपणातच गेली होती. तिच्याबरोबर मूलही गेले. त्याची सून जोव्हान्ना सोनेरी जरीच्या झग्यात तिथेच एका चित्रात उभी आहे. तीही 1488 मध्ये, दुसऱ्या वेळी दिवस गेलेले असताना वारली. हे ऐकले आणि मी लेकीला म्हटले, "चल, घरी जाऊ." तिच्या पोटाकडे बघवेना मला.

लेक मात्र हट्टी. नदीपलीकडे जुन्या चित्रांच्या हाताने नकला करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे तिने मला नेले. तिला तसले ताट हवे होते. बाळ यायच्या आधी काही आणू नये असे मी म्हणून पाहिले, पण माझे कोण ऐकतो! मूळ चित्र बर्लिनच्या संग्रहालयातले, लो स्केज्जाच्या थोरल्या भावाचे, म्हणजे मासाच्चोचे मानले जाते. पलंगावर बाळंतीण, सुईणीजवळ बाळ, भेटीला आलेल्या बायका, दारात तुताऱ्या वाजवणारे.

त्या बाईंचे काम बघण्यासारखे. आधी फळीवर खडूची भुकटी आणि सरस यांचे हात द्यायचे, घासून काचेसारखे गुळगुळीत करायचे. सोन्याच्या वर्खाखाली तांबडी माती, आणि वर्ख लावला की अकीकाने घोटायचा. रंग कालवायचे अंड्याच्या पिवळ्या बलकात. चेन्निनी नावाच्या जुन्या चित्रकाराने लिहून ठेवले आहे की, तरुण चेहऱ्यांना शहरातल्या कोंबडीचे अंडे घ्यावे, त्याचा बलक फिकट असतो. म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्यांना खेड्यातले. मी विचारले, माझ्या चेहऱ्याला कुठले? लेकीने उलथा करून सांगितले, त्या बाई खूप हसल्या. किंमत ऐकल्यावर मी मनात रुपये केले आणि गप्प बसले.

मग त्यांनी मागची बाजू दाखवली. मूळ ताटावर तिथे एक गुबगुबीत उघडा मुलगा आहे, जवळ कुत्र्याचे पिल्लू. मुलगाच व्हावा ही इच्छा. अशा बऱ्याच ताटांमागे मुलगेच असतात म्हणे.

माझी धाकटी झाली तेव्हा आणून ठेवलेले पेढे घरच्यांनी निमूटपणे परत कपाटात ठेवले होते. बर्फीसुद्धा कुणी आणली नाही. चाळीस वर्षे झाली, मी हे कुणाजवळ बोलले नव्हते. त्या रंगाच्या वासात उभी राहून लेकीला सांगितले. कारण ती धाकटी म्हणजे हीच.

ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने त्या बाईंना म्हणाली, "मागची बाजू कोरीच ठेवा."

ताट बाळाच्या बाराव्या दिवशी घरी आले. मुलगी झाली होती. पुढे सोने झळझळते आहे, मागे नुसता तांबडा रंग. मी हौसेने त्यात अळिवाच्या खिरीची वाटी ठेवायला गेले, तर लेक पलंगावरून ओरडली, "अगं आई, सोन्यावर दूध सांडेल!"

शेवटी खीर रोजच्या स्टीलच्या ताटातूनच दिली.