मोजताना शेजारी कुणी असावं

नोकरीत एकदा माझं नाव गेलं. ते परत मिळायला काही वर्षं लागली आणि त्या वर्षांसाठी मी दोन माणसांचं देणं लागतो. एक आमच्या शाखेतले शिपाई. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. दुसरे मुंबईचे क्रिकेटपटू सुधीर नाईक. त्यांना मी कधी भेटलो नाही, आणि सावेडीतला एक रोखपाल आपलं काही देणं लागतो हे त्यांना कळायचं कारणही नव्हतं.

पाइपलाइन रोडच्या बाजूला एका पतसंस्थेच्या शाखेत मी रोखीचं काम बघायचो. 2006 साली एका संध्याकाळी रोजकीर्दीतली शिल्लक आणि पेटीतली रोकड जुळेना. पाचशेच्या नोटांचं एक बंडल कमी भरलं, म्हणजे 50 हजार रुपये. मी पैसे घेतले नव्हते. पण जेवायला उठताना किल्ली शेजारच्या टेबलावर देऊन जायची माझी सवय होती आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. आपण सरळ आहोत, मग लिहून कशाला ठेवायचं, अशी माझी समजूत. माणसाचा सरळपणा दुसऱ्याला दिसावा लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, "रक्कम भरा, कागदावर सही करा, विषय इथंच मिटेल." मी दोन्ही केलं. विषय मिटला नाही. सही म्हणजे कबुली, असं सगळ्यांनी धरलं. मला काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत थकीत कर्जखात्यांचा मेळ घालायला बसवलं.

त्यानंतर बरेच महिने मी भेटेल त्याला माझी बाजू सांगत सुटलो. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि माझ्यासमोर ड्रॉवरला कुलूप लावायचे. शेवटी मामाच म्हणाले, "भाऊसाहेब, सांगून पटायचं असतं तर एव्हाना पटलं असतं."

मामा श्रीरामपूरकडचे. झहीर खान त्यांच्या गावचा, त्यामुळे क्रिकेटचं पान ते पहिलं वाचत. त्या वर्षी झहीर भारतीय संघाबाहेर होता आणि इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून कौंटी खेळत होता. त्या मोसमात त्याने 78 बळी घेतले. मामा मला त्याचे आकडे वाचून दाखवत. त्याबद्दल झहीर काही बोलला का, असं मी एकदा विचारलं. "बोलतोय कुठं? टाकतोय," मामा म्हणाले. श्रीरामपूरहून वडील त्याला मुंबईला घेऊन गेले तेव्हा त्याला हाताशी धरणारे नाईक सर होते, हेही त्यांनीच सांगितलं. तेवढ्यावरून मी सुधीर नाईकांबद्दल मिळेल ते वाचू लागलो.

वाचलं आणि गप्प झालो. 1970-71 च्या मोसमात गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडिजला गेलेले असताना नाईकांनी उरलेल्या मुंबई संघाला रणजी करंडक जिंकून दिला होता. 1974 च्या इंग्लंड दौऱ्यात बर्मिंगहॅमला पहिल्याच कसोटीत त्यांनी दुसऱ्या डावात 77 धावा काढल्या. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांत भारताचा पहिला चौकार त्यांचा. पण त्याच दौऱ्यात लंडनच्या एका दुकानातून मोज्यांचे दोन जोड चोरल्याचा आरोप त्यांच्यावर आला. प्रकरण गाजू नये म्हणून त्यांना गुन्हा कबूल करण्याचा सल्ला मिळाला. त्यांनी तो मानला आणि प्रकरण गाजलंच. गावसकरांनी पुढे आपल्या पुस्तकात त्यांची बाजू उघडपणे मांडली, तरी नाईकांची कसोटी कारकीर्द तीन सामन्यांत संपली.

मला धरून ठेवलं ते त्यापुढच्या आयुष्याने. ते मैदान सोडून गेले नाहीत. नॅशनल क्रिकेट क्लबात मुलं घडवत राहिले, पुढे वानखेडेची खेळपट्टी सांभाळू लागले. ज्या खेळात नाव गेलं, त्याच खेळाची रोजची, न दिसणारी कामं त्यांनी अंगावर घेतली. मला मिळालेलं थकीत खात्यांचं कामही न दिसणारंच होतं. ते शिक्षा म्हणून न करता काम म्हणून करावं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

मग मी एकेक खातं पहिल्या पावतीपासून तपासलं. व्याजाची आकारणी पुन्हा केली, प्रत्येक पानाखाली तारीख घालून दुसऱ्याची सही घेतली. वसुलीची रोकड हातात आली की मामांना हाक मारायचो. ते टेबलाशी उभे राहत. ओल्या स्पंजावर बोट टेकवून मी शंभर नोटा मोजायचो, गड्डी उलटी करून पुन्हा मोजायचो, आणि मामा ओठ हलवत माझ्याबरोबर मोजायचे. मग वहीत खाली त्यांची सही, सावकाश काढलेल्या मोठ्या अक्षरांत. हे त्यांचं काम नव्हतं. ज्याच्याजवळ कुणी बसत नव्हतं, त्याच्याजवळ ते रोज उभे राहिले.

पुढे लेखापरीक्षकांनी थकीत खाती मागवली आणि ती वही बघून ती कुणी ठेवली, असं विचारलं. काही काळाने मला पुन्हा काउंटर मिळालं. मी दोन किल्ल्या आणि किल्ली-नोंदवही मागून घेतली. ते 50 हजार कुठे गेले, हे आजतागायत कळलेलं नाही.

2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. खेळपट्टी नाईकांनी तयार केलेली आणि नवा चेंडू झहीरच्या हातात. पहिल्या पाच षटकांत त्याने 6 धावा देऊन एक बळी घेतला. मामा तोवर निवृत्त झाले होते. फोनवर ते एवढंच म्हणाले, "गुरूच्या अंगणात टाकतोय."

5 एप्रिल 2023 ला नाईक गेले. त्याच वर्षी आमच्या शाखेत नव्याने लागलेल्या एका मुलीची रोकड कमी भरली. तिच्यापुढेही लगेच कागद आला. मी म्हणालो, "सही करू नकोस बाळा, आधी आपण दोघं मोजू." रात्री उशिरापर्यंत आम्ही पावत्या लावल्या. एक रक्कम दोनदा जमा धरली गेली होती. पैसे कुठेच गेले नव्हते.

ती आभार मानू लागली तेव्हा तिला मी मामांबद्दल सांगितलं, नाईक सरांबद्दलही. या दोघांची फेड मी करू शकत नाही. पण कुणाची रोकड जुळत नसेल त्या संध्याकाळी घरी न जाता त्याच्या टेबलाशी उभं राहणं माझ्या हातात आहे, आणि ते मी त्यांच्या नावाने करतो.