किल्ली फिरते, गाडी गप्प

रविवारची पहाट ही बंगळुरूच्या जुन्या गाड्यांची नंदी हिल्सला जायची वेळ. देवनहळ्ळीपाशी विमानतळाचा फाटा मागे पडला की टॅक्सींची रांग विरळ होते आणि एखादी फियाट नाहीतर अँबॅसेडर चहाला थांबते. चहा होतो, गाडीभोवती फोटो होतात. मग मालक आत बसून किल्ली फिरवतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. सेल्फ मात्र हूं की चूं करत नाही. किल्ली थोडी बाहेर ओढायची, डावीकडे कलती धरायची आणि मग फिरवायची, ही मेख फक्त मालकाला ठाऊक. तो गाडी कुणाच्या हातात देत नाही याचं कारण माया असेलही, पण निम्मं कारण हा स्विच असतो.

अशा वेळी रस्त्याकडेच्या गॅरेजात एकच सल्ला मिळतो: ‘डायरेक्ट करून टाका.’ म्हणजे किल्लीला रजा द्यायची, डॅशबोर्डखाली एक पुश बटण बसवायचं आणि मोकळं व्हायचं. दहा मिनिटांचं काम. ते चालतंही वर्षानुवर्षं. पण मग गाडीला कुलूप उरत नाही, आणि डॅशबोर्डवर एक मेलेलं भोक उरतं.

खरं तर गाडी किल्लीनेच सुरू व्हावी असा दंडक जुना नाहीच. कॅडिलॅकने १९१२ मध्ये विजेचा सेल्फ आणला, त्याआधी सगळा खेळ हँडलचा. सेल्फ आल्यावरही किल्ली फक्त वीज सोडायची. इंजिन उठवायला वेगळी खुंटी ओढावी लागे किंवा पायाखालचं बटण दाबावं लागे. किल्ली आणखी थोडी पुढे फिरवली की सेल्फही लागावा, ही सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये दिली. विलीजच्या लष्करी जीपला सुरुवातीला किल्ली होती. सैनिक किल्ल्या हरवतात हे ध्यानात आलं आणि युद्धातच ती काढून साधी मूठ बसवली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली ती याच घराण्यातली जीप.

आणि त्या काळची कुलपं तरी कसली? फोर्डच्या मॉडेल टीच्या शेवटच्या काही वर्षांच्या किल्ल्यांवर ५१ ते ७४ असे आकडे असत. लाखो गाड्या आणि दातांचे नमुने अवघे २४. पन्नास-साठच्या दशकांतल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना ‘एफएस’ मालिकेची किल्ली असे, ८७६ ते ९५५, म्हणजे ८० प्रकार. एका फियाटची किल्ली शेजाऱ्याच्या फियाटला लागल्याचे किस्से मुंबईच्या चाळींत आणि सोसायट्यांत अजून रंगतात. त्यातले काही तरी खरे असणारच, कारण झिजलेलं कुलूप पाहुण्याला फारसं अडवत नाही.

स्विचचे दोन भाग असतात. पुढे पितळी बॅरल, तिच्या खाचांत स्प्रिंगवर बसलेल्या पातळ पत्र्या. योग्य किल्ली गेली की सगळ्या पत्र्या बॅरलच्या कडेशी समतल होतात आणि बॅरल फिरते. तिच्या शेपटीला मागची बेकेलाइटची बैठक जोडलेली. तिथे तांब्याची फिरती पट्टी बॅटरीचा करंट आधी इग्निशनला आणि मग सेल्फला पोचवते. लुकसच्या रीतीने वायरिंग असेल तर तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, पांढऱ्यावर लाल रेघ असलेली सेल्फची. एवढं कळलं की टेस्ट लॅम्प घेऊन पाच मिनिटांत दुखणं सापडतं. तपकिरीवर दिवा ठणठणीत आणि किल्ली फिरवूनही पांढरीवर मिणमिणता, तर दोष बैठकीतला. किल्लीच फिरायला कां कूं करत असेल, तर बॅरलमधला.

मुंबईहून बदली होऊन आलेल्या मराठी घरांबरोबर फियाटही बंगळुरूला आल्या, आणि त्यांच्या स्विचमध्ये समुद्राची हवाही आली. तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर, टर्मिनलच्या स्क्रूला गंज. देवनहळ्ळीची हवा कोरडी असते, पण इथे धूळ बारीक. कुणीतरी कधीतरी बॅरलमध्ये इंजिन ऑइल सोडलेलं असतंच. त्या तेलात धूळ बसून तिची लुगदी होते. कुलपात तेल घालू नये, पेन्सिलच्या शिशाची पूड घालावी, हे जुने मिस्त्री घसा कोरडा करून सांगत आले.

खोलण्याआधी बॅटरीची वायर काढायची. तपकिरी वायरीला मध्ये कुणी अडवणारं नसतं, तिचा बॉडीला स्पर्श झाला तर धूर निघतो. बऱ्याच ब्रिटिश स्विचांच्या अंगावर टाचणीएवढं भोक असतं. किल्ली विशिष्ट जागी ठेवून त्यात तार खुपसली की आतली खुंटी दबते आणि बॅरल पुढून बाहेर येते. मागची बैठक पत्र्याच्या कानांनी आवळलेली असते. ते कान हळूच उचलायचे, आणि तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून. कारण आत स्प्रिंगवर एक छर्रा दबा धरून बसलेला असतो. ‘टक्’ अशा आवाजाने किल्लीला जागा दाखवणारा तोच, आणि उडाला की गॅरेजच्या फरशीवर कधीही न सापडणाराही तोच. तांब्याच्या पट्टीवरचा कार्बन बारीक पॉलिश पेपरने, हलक्या हाताने काढायचा. जोर लावला तर पट्टीच पातळ होते.

खरा पेच पुढे आहे. पन्नास वर्षांत किल्लीचे दात आणि पत्र्या एकमेकांना घासत दोन्ही झिजल्या. फुटपाथवरचा किल्लीवाला जुनी किल्ली मशीनला लावून दुसरी काढून देतो, तेव्हा तो झीजही इमानाने उतरवून घेतो. काही मिस्त्री नव्या पत्र्या घालून कानशीने त्या जुन्या किल्लीला जुळवतात. किल्ली वडिलांच्या हातची असेल तर मालकालाही ते भावतं. पण ती किल्ली आणखी झिजणार आणि तेव्हाचं कुलूप कुठल्याच नंबरशी जुळणार नाही. त्यापेक्षा किल्लीवर किंवा कुलपाच्या तोंडावर कोरलेला नंबर भिंगाखाली वाचावा, त्या नंबराच्या मापाने कोरी किल्ली कापून घ्यावी आणि पत्र्या तिला जुळवाव्यात. भावना बाजूला ठेवून केलेलं हे काम जास्त टिकतं.

२०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही तिची अट. स्विचचा उल्लेख नियमात नाही. गंमत अशी की या तिन्हींना मालकाचा हात क्वचितच लागतो. चासी तर त्याने धड पाहिलेलीही नसते. ज्याला तो रोज चिमटीत धरतो, तो भाग जे. सी. रोडवरच्या किंवा पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात नवा मिळाला की कुणी दुसरा विचार करत नाही. नवा स्विच वाईट नसतो. पण दारांची किल्ली वेगळी आणि इग्निशनची वेगळी अशी जोडी मग कायमची गळ्यात पडते.

दुरुस्त स्विचला जपायचं तर सेल्फच्या वायरीत एक रिले घालावा. सोलेनॉइड खेचणारा जड करंट रिलेतून जातो, किल्लीमागच्या तांब्यावरून जेमतेम चिमूटभर. रिले डॅशबोर्डमागे लपतो. हेडलाइटचा करंटही याच स्विचमधून जात असेल तर त्यांनाही दुसरा द्यावा. शुद्धतेचे आग्रही लोक नाक मुरडतात, त्यांना मुरडू द्यावं.

आणि किल्ली कापून घेताना दोन घ्याव्यात. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि १९६० च्या दशकातल्या फियाटची दुसरी किल्ली कुठे गेली हे सांगणारं घरात सहसा कुणी उरलेलं नसतं. बिलावर किल्लीचा नंबर लिहून घ्यावा, आणि ते बिल गाडीच्या कप्प्यात न ठेवता घरी ठेवावं.