चोर्ल्याची वाट आणि चालकाची कंबर

बेळगावची भाजी पहाटे गोव्याच्या बाजारात पोहोचते, हे आपल्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असते. ती पोहोचवणाऱ्याची रात्र कशी जाते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पिरनवाडी मागे पडली की रस्ता किणये करत कुसमळीला मलप्रभा ओलांडतो, जांबोटीहून दाट रानात शिरतो आणि कणकुंबीला पोहोचतो. मलप्रभेचा उगम इथलाच. पुढे चोर्ला, मग घाटाची वळणे, खाली केरी आणि साखळी. कणकुंबी परिसरात पाऊस असा कोसळतो की एका हंगामात डांबर उखडते आणि खडी उघडी पडते. मोटारीतून सहलीला जाणाऱ्यांना त्याचा त्रास दिवसभराचा. टेम्पोचालकाला तो रोजचा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका टेम्पोचालकाबरोबर मी साखळीपर्यंत गेलो. भूगोल शिकवत असल्याने घाट रात्री पाहण्याची हौस होती. घाट अंधारात दिसला थोडा, अंगाला जाणवला जास्त. मी दर खड्ड्याला दांडी धरत होतो. मामांचे दोन्ही हात स्टिअरिंग आणि गिअरमध्ये, पाय क्लच-ब्रेकवर. त्यामुळे हादरा झेलायला उरते ती फक्त पाठ.

"मामा, कंबर कशी आहे?" मी विचारले.

"गाडीवर बसलो की चालतंय सर. सकाळी अंथरुणातनं उठताना पोरगा हात देतो."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं की. विश्रांती घ्या म्हणाले. मी घरी बसलो तर गाडीवर दुसरा बसतोय."

आपण मराठीत 'कंबर धरली' म्हणतो, कन्नडमध्ये 'सोंट हिडकोंडिदे' म्हणतात. दोन्ही भाषांत दुखण्याने माणसाला धरलेले आहे!

हे दुखणे निव्वळ वयाचे नाही. आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी ते झोक्याच्या उदाहरणाने समजावले. झोक्याला त्याच्या लयीत हलकेच ढकलले तरी तो उंच जातो. बसलेल्या माणसाच्या धडालाही अशी एक लय असते : सेकंदाला साधारण ४ ते ६ कंपने. खराब रस्त्यावरच्या जड गाडीचे हादरे नेमके याच्या आसपास असतात. त्यामुळे आसनाखालून आलेला हादरा कण्यात वाढून पोहोचतो. झिजलेली गादी तो अडवण्याऐवजी आणखी वाढवूही शकते. मणक्यांमधल्या गाद्यांना प्रौढपणी थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचे पोषण हालचालीवर अवलंबून असते. तासन्‌तास एका जागी बसणे, वर हादरे, आणि उतरताच क्रेट उचलणे, असे तिन्ही एकत्र येते. त्यातला नेमका दोष कुणाचा किती, हे वेगळे काढणे तज्ज्ञांनाही कठीण जाते.

जर्मनीने १९९३ पासून अशा हादऱ्यांनी होणारा कमरेच्या गाद्यांचा आजार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घेतला आहे. युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगाराच्या अंगाला रोज किती हादरे बसावेत याची मर्यादाच ठरवली. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. एका गाडीच्या मालकाकडे राबणाऱ्या मामांना त्याचा काय उपयोग?

तरी हाताशी असलेले उपाय बरेच आहेत. मालकांनी दबलेली गादी वेळीच बदलावी, पाटे आणि शॉकअब्सॉर्बर तपासावेत, टायरमध्ये योग्य हवा ठेवावी. खराब रस्त्यावर वेग कमी केला की हादरा कमी होतो. हे चालकाला कळते, पण 'पाचच्या आत पोहोच' म्हणणाऱ्या व्यापाऱ्यालाही कळायला हवे. चालकाने मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवावे, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी घ्यावी, केबिनमधून उडी न मारता दांडी धरून उतरावे. उतरल्यावर थोडे चालावे आणि मगच ओझ्याला हात लावावा. दुखणे पायात उतरले, पाय बधिर झाला वा त्यातली ताकद गेली, तर डॉक्टर गाठावा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय. मालिश आणि गोळ्यांत वेळ घालवू नये.

साखळीला मामा दांडी धरून सावकाश उतरले. गाडीला हात टेकून क्षणभर उभे राहिले. तेवढ्यात व्यापाऱ्याची हाक आली आणि ते क्रेटकडे वळले. चालायला त्यांना पाच मिनिटेही मिळाली नाहीत. हमालीचे चार पैसे वाचवण्यासाठी माल चालकाकडूनच उतरवून घेण्याची ही रीत आपल्या भागात सर्रास आहे. मालक आणि व्यापारी यांनी मनावर घेतले, तर ती बंद करायला कुठल्याही सरकारची वाट पाहावी लागणार नाही.