वसंताची वहिवाट

फाल्गुन लागला, की फोंडे तालुक्यातील आमच्या घराच्या कुंपणावरचा पांगारा पाने गाळून लालभडक फुलतो. मैना, बुलबुल, शिंजीर मकरंदासाठी त्यावर गर्दी करतात आणि चोचीला लागलेले पराग झाडोझाडी पोहोचवितात. परसातल्या सुरंगीची तऱ्हा निराळी. तिच्या कळ्या जून फांद्यांच्या सालीवरच दाटतात. उमलण्यापूर्वी, भल्या पहाटे त्या खुडाव्या लागतात. मग त्यांचे वळेसर देवळाच्या वाटेला लागतात.

यंदा आमची वाटणी व्हावयाची आहे. यादीत माड, आंबे, फणस मोजलेले आहेत. या दोन झाडांचा उल्लेखही नाही. थोरल्या बंधूंना कुंपणाच्या जागी भिंत हवी आहे. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये झाड तोडण्यास परवानगी लागते. पण परवानगी मागता येते आणि मिळतेही. म्हणून मसुद्यात मी एक कलम घातले : ही दोन्ही झाडे सामायिक राहतील.

“यांचे उत्पन्न काय?” बंधूंनी विचारले.

सही अद्याप झालेली नाही. उद्या सकाळी त्यांना मी पांगाऱ्याखाली नेणार आहे. तेथली वहिवाट आमच्या दस्तऐवजांहून जुनी आहे आणि साक्षीदार फांदीफांदीवर हजर आहेत. त्यांची उलटतपासणी त्यांनी खुशाल घ्यावी.