फ्रीजची पाठ

फ्रीज जन्मभर आपल्या घरात असतो, पण आपण तो पाहतो फक्त समोरून. लहानपणी दार उघडल्यावर अंगावर येणारा गारवा आतच कुठेतरी तयार होतो असं वाटतं. पुढे संसारात दूध, भाज्या, उरलेली आमटी रचताना याचा विचार करायला सवड नसते, आणि तो पुरेसा गार करेनासा झाला की हात आपोआप आतल्या बटणाकडे जातो. घरी ही समजूत खपून जाते, कारण तिथला दणकट कॉम्प्रेसर तिला सांभाळून घेतो. अमेरिकेत ॲरिझोना-नेवाडाच्या उन्हात उभ्या असलेल्या आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, मात्र ती उघडी पडते. फ्रीज थंडी बनवत नाही, तो आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. म्हणून उन्हाळ्यात त्याच्यावरचे उपचार आधी पाठीकडून सुरू व्हायला हवेत, असं माझं म्हणणं आहे.

बऱ्याच आरव्हींमधला फ्रीज ॲब्सॉर्प्शन जातीचा असतो. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये त्याची रचना शोधली आणि पुढे इलेक्ट्रोलक्सने ती बाजारात आणली. त्याच्या शीतनयंत्रणेत पंप नाही, कॉम्प्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही. मागे तळाशी प्रोपेनची छोटी ज्योत किंवा विजेचा हीटर अमोनिया मिसळलेलं पाणी तापवतो. अमोनियाची वाफ वर चढते, माथ्याजवळच्या, पातळ पत्रे बसवलेल्या नळीत निवून तिचा द्रव होतो. हा द्रव हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वाफ होताना फ्रीजच्या आतली उष्णता शोषून घेतो. शेवटी अमोनिया पाण्यात विरघळून खाली परततो. बाहेरच्या भिंतीवरची खालची जाळी काढली की या यंत्रणेचा खालचा भाग दिसतो: नागमोडी काळ्या नळ्या, आणि पत्र्याच्या डब्यात गुंडाळलेला बॉयलर. त्यांच्यावरून हवा खालून शिरून छतावरच्या झरोक्यातून बाहेर पडावी, एवढ्यावरच सगळा भरवसा असतो. नळ्यांभोवतीची हवा जितकी गार असेल, तितक्याच त्या निवू शकतात, त्याहून अधिक नाही. नळ्यांमागे कोंडलेली गरम हवा तिथेच घुटमळली, तर होडीत शिरलेलं पाणी उपसून पुन्हा होडीतच ओतावं तशी त्या यंत्राची गत होते.

म्हणून पहिला उपाय अगदी फुकटचा: फ्रीजची बाजू दुपारी सावलीत येईल अशी गाडी लावायची. दुसरा, हवेचा रस्ता तपासायचा. नळ्या आणि मागची भिंत यांच्यात मोठी पोकळी असली की हवा नळ्यांना टाळून त्या पोकळीतूनच निघून जाते. तिथे पत्र्याचा आडोसा बसवून हवेला नळ्यांमधून जायला भाग पाडलं की त्याच उन्हात फ्रीज अधिक काम करतो. ज्या गाड्यांत फ्रीज बाहेर सरकणाऱ्या खोलीत असतो, तिथे वरची जाळीही भिंतीतच असते. छताच्या झरोक्याइतकी हवा त्यातून ओढली जात नाही, आणि अशा ठिकाणी बारा व्होल्टचा लहान पंखा खरा उपयोगी पडतो. कोळ्यांची जाळी आणि ज्योतीच्या चिमणीतली काजळी काढणं, गाडी समतल उभी करणं हीही पाठीचीच कामं. समतल नसेल तर द्रव वाटेत साचतो, बॉयलर जास्त तापतो आणि यंत्रणा कायमची चोंदू शकते.

यावर काही आक्षेप येतील. हलता भाग नसणं हेच या यंत्राचं सौंदर्य, मग त्याला पंखा कशाला? पण पंखा इथे अमोनियाच्या फेऱ्यात हात घालत नाही, फक्त हवेला वाट देतो. तो बंद पडला तरी फ्रीज पहिल्यासारखा चालत राहतो. मात्र त्याचा झोत ज्योतीवर येता कामा नये. दुसरा आक्षेप असा, की बटण सगळ्यांत थंड अंशावर नेलं तर भागेल. त्याने उष्णता उपसण्याची मागणी वाढते, ती टाकायची जागा वाढत नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे: सरळ बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज घ्यावा. तो उकाड्यात खरोखर सरस ठरतो, पण त्याला बॅटरी आणि सोलर पॅनेलची भक्कम साथ लागते. ज्यांचा मुक्काम विजेच्या खांबापासून दूर असतो, त्यांना प्रोपेनवर दिवसेंदिवस चालणारं आवाजविरहित यंत्र आजही मोलाचं वाटतं. शिवाय नव्या फ्रीजच्या पाठीलाही मोकळी हवा लागतेच.

आतल्या बाजूची शिस्त निरर्थक आहे असं नाही. निघण्याच्या आदल्या रात्री फ्रीज चालू करणं, आधीच गार केलेलं अन्न भरणं, दाराचं रबर घट्ट असणं, आत हवा खेळायला जागा ठेवणं, या सगळ्याने बाहेर टाकायची उष्णता कमी होते. अन्न चार अंश सेल्सिअसच्या आत राहायला हवं, आणि चाळीस अंशांच्या दुपारी हे अंतर फार मोठं असतं. ते पार करायला यंत्राकडे एकच मार्ग आहे, तो मागच्या भिंतीकडून जातो. मराठी घरांतही ओट्याशेजारच्या कोनाड्यात फ्रीज भिंतीला चिकटवून बसवताना हाच नियम लागू पडतो. जागा वाचवायला घेतलेली ती चार बोटं आपण विजेच्या बिलात परत देतो.