हिमप्रदेशातील चाके
कोलोराडोच्या प्रवासाची दैनंदिनी : लेखांक तिसरा

सोमवार. मुक्काम डेन्व्हर.

गेल्या लेखांकाच्या अखेरीस आम्ही मैदानी मुलूख मागे टाकून रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट उंचीवर वसलेल्या या नगरात पोचलो होतो. येथून पुढची मजल पश्चिमेची, म्हणजे पर्वताच्या मुख्य रांगेपलीकडची, आणि ती हिवाळ्याच्या ऐन अंमलात करावयाची आहे. माझा पुतण्या भूजलाच्या विहिरींवर बसविलेल्या मापनयंत्रांची देखरेख करतो. त्यामुळे त्याची पिकअप आठवड्यातून निम्मे दिवस महामार्गावर आणि उरलेले निम्मे खडीच्या, मुरमाच्या, क्वचित नुसत्या चिखलाच्या वाटांवर चालते. आज सकाळी त्याने टायरच्या खाचेत खोली मोजण्याची लहानशी पट्टी घातली, तेव्हा इंचाचा एक अष्टमांश भागच शिल्लक असल्याचे दिसून आले, आणि रवानगी एक दिवस लांबणीवर टाकणे भाग पडले.

भाग पडले असे म्हणतो, कारण येथील सरकारचा नियम याबाबतीत सुस्पष्ट आहे. सत्तर क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर मॉरिसनपासून डॉटसेरोपर्यंतच्या डोंगरी टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या मुदतीत प्रत्येक प्रवासी वाहनाच्या टायरांची खोली किमान तीन षोडशांश इंच, म्हणजे सुमारे पावणेपाच मिलिमीटर असली पाहिजे. त्याखेरीज वाहन चारही चाकांना शक्ती देणारे असावे, किंवा टायर हिवाळी अथवा चिखल-बर्फाच्या खुणेचे असावेत, किंवा साखळ्या तरी सोबत असाव्यात. या शर्ती न पाळता जो घाटात अडकेल आणि वाहतूक बंद पाडील त्याला साडेसहाशे डॉलरांहून अधिक दंड बसतो. मला हा दंड मुळीच फाजील वाटत नाही, कारण अशा घाटात एक गाडी आडवी झाली की तिच्यामागे शेकडो माणसे, त्यांत मुले आणि आजारीही, थंडीत खोळंबून राहतात.

संध्याकाळी सूनबाईंनी पिठले-भाकरी केली होती. जेवताना पुतण्या म्हणाला, "काका, चारही चाके ओढतात म्हटल्यावर टायर कुठलेही चालतील, असं माझे निम्मे सहकारी मानतात." हा समज किती घातक आहे याचा विचार मी रात्री बराच वेळ करीत होतो. चारही चाकांना मिळणारी शक्ती गाडीला हलविते, चढविते, रुतली असता बाहेर काढते. थांबविण्याच्या कामी मात्र ती काडीइतकीही उपयोगी पडत नाही, कारण ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतातच, आणि त्या क्षणी वाहन व रस्ता यांच्यामधला सारा व्यवहार तळहाताएवढ्या चार रबरी तुकड्यांवर येऊन ठेपतो.

मंगळवार. मुक्काम डेन्व्हर.

आजचा अवघा दिवस टायरच्या दुकानात गेला, आणि तो सार्थकी लागला. तेथील वृद्ध कारागिराने आमच्यासमोर तीन टायर ओळीने उभे करून ठेवले व आधी हात लावून पाहा, मग बोलू, असे सांगितले.

पहिला चिखलासाठी घडविलेला. त्याचे ठोकळे मोठे, अंतर ऐसपैस, दिसण्यात अत्यंत रुबाबदार; तरुण मंडळी भुलतात ती यालाच. सैल, खोल बर्फात तो बऱ्यापैकी ओढतो, परंतु त्याच्या अखंड ठोकळ्यांवर बारीक चिरा जवळजवळ नसतात, त्यामुळे घट्ट दडपलेल्या बर्फावर अथवा काचेसारख्या गोठलेल्या थरावर त्याला धरावयाला कडाच सापडत नाहीत. दुसरा सर्व तऱ्हेच्या वाटांसाठी केलेला, ज्याला येथे ऑल-टेरेन म्हणतात, बाजूवर 'एम' आणि 'एस' ही अक्षरे असलेला. चिखल आणि बर्फ यांची ही आद्याक्षरे केवळ खाचांच्या रचनेवरून उमटविली जातात. ती मिळविण्यासाठी टायरला बर्फावर कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही, हे पुष्कळ ग्राहकांना ठाऊक नसते. तिसराही ऑल-टेरेनच, पण त्याच्यावर तीन शिखरांच्या पर्वतात हिमकण कोरलेली मुद्रा होती.

या मुद्रेचा तपशील नीट समजून घेण्याजोगा आहे. अमेरिका आणि कॅनडा येथील रबर उत्पादकांच्या संघटनांनी ती १९९९ साली प्रचारात आणली. मध्यम दडपलेल्या बर्फावर एका प्रमाणभूत टायरची पकड १०० मानावयाची आणि जो टायर ११० किंवा अधिक गुण मिळवील त्यालाच ही मुद्रा द्यावयाची, असा दस्तूर आहे. दाखला खरा आणि मोलाचा. परंतु तो वेग घेतानाच्या पकडीचा आहे, ब्रेक दाबल्यावर किती अंतरात थांबेल याचा नाही, वळणावर किती धरील याचा नाही, आणि निव्वळ गोठलेल्या पाण्यावरचा तर मुळीच नाही. म्हणून मुद्रा आहे एवढ्यावर विसंबून न राहता टायरच्या अंगाची पारख करावी लागते, आणि ती आम्ही त्या कारागिराच्या मदतीने केली.

मुख्य प्रश्न रबराचा आहे. तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की उन्हाळ्याच्या टायरचे रबर ताठरू लागते, रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरण्याची त्याची शक्ती ओसरते, आणि मग नक्षी कितीही खोल असली तरी ती निरुपयोगी होते. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका अधिक घालून आणि मिश्रण बदलून ते कडाक्याच्या थंडीतही लवचीक राखलेले असते. उलटपक्षी, ज्या टायरला अणकुचीदार खडीवरून भार वाहून न्यावयाचा, त्याचे रबर चिरले जाऊ नये, त्याचे ठोकळे तुटू नयेत, म्हणून ते कठीण करावे लागते. ऑल-टेरेन टायर बर्फासाठी निवडण्यातली सारी अडचण या एका विरोधात साठविलेली आहे: दगड ज्या गुणाची मागणी करतो, बर्फ नेमका त्याच गुणाचा वैरी आहे. मुद्राधारी ऑल-टेरेनमध्ये कारखानदारांनी या दोन मागण्यांत तडजोड घडवून आणलेली असते. काहींनी ती दगडाच्या बाजूने झुकविलेली, काहींनी बर्फाच्या.

त्यानंतर चिरांचा विचार. ठोकळ्याच्या पाठीवर सुरीने ओढल्यासारख्या ज्या बारीक रेघा असतात, त्या वजन पडताच किंचित उघडतात आणि प्रत्येक रेघ एक नवी कड होऊन बर्फाला धरते. त्या किती दाट आहेत इतकेच नव्हे तर किती खोल आहेत हेही पाहावे, कारण काही टायरांत त्या अर्ध्यावरच संपतात आणि निम्मे टायर घासल्यावर हिवाळ्याचा गुणही त्यांच्याबरोबर संपुष्टात येतो. मोठ्या खाचांचे कार्य निराळे: त्या बर्फ आत घेऊन दडपतात, आणि बर्फाची बर्फाशी जी पकड असते तिचा लाभ गाडीला मिळवून देतात. खाचा बर्फाने भरलेल्या पाहून पुष्कळ लोक टायर निकामी झाला असे समजतात. वास्तविक तो त्या वेळी आपले काम करीत असतो.

पुतण्याच्या मनात दहा पदरी, म्हणजे 'ई' श्रेणीचे जड टायर घ्यावयाचे होते. कारागिराने विचारले, "तुम्ही गाडीत नेहमी किती भार नेता?" यंत्रांच्या पेट्या, अवजारे, दोन माणसे एवढाच भार आहे असे कळल्यावर त्याने तो बेत मोडून काढला. 'ई' श्रेणीचा टायर मोठ्या भारासाठी आणि ८० पौंडांपर्यंत हवा सहन करण्यासाठी घडविलेला असतो. त्याच्या भिंती ताठ, अंग वजनदार, आणि अर्ध्या टनाच्या रिकाम्या पिकअपखाली तो खाली वाकून रस्त्याला बिलगत नाही. रुंदीही मूळ मापाहून वाढवू नये असे त्याचे मत पडले, कारण अरुंद टायर सैल बर्फ कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोचतो आणि रुंद टायर त्यावर तरंगू पाहतो. अखेर मुद्रा असलेले, मूळ मापाचे, दाट व तळापर्यंत गेलेल्या चिरांचे ऑल-टेरेन टायर आम्ही पसंत केले. बाजूवरील चार अंकी आकडाही त्याने वाचून दाखविला: ३५२४ असे असेल तर टायर २०२४ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. दुकानात कित्येक वर्षे पडून कडक झालेला टायर नवा म्हणून घेऊ नये, यासाठी हे वाचता येणे आवश्यक आहे.

बर्फासाठी बनविलेला पहिला टायर फिनलंडमध्ये १९३४ साली तयार झाला, आणि तो मोटारीकरिता नव्हे तर मालमोटारींकरिता होता, हे त्याच कारागिराकडून ऐकून मला मोठे समाधान वाटले. भार वाहणाऱ्यांची गरज येथे आधी ओळखली गेली.

बुधवार. मुक्काम ग्लेनवूड स्प्रिंग्ज.

पहाटे निघालो. ११,००० फुटांहून अधिक उंचीवरचा, १९७३ साली खुला झालेला आयझेनहॉवर बोगदा ओलांडेपर्यंत रस्ता ओला पण मोकळा होता. व्हेल खिंडीच्या चढावर मात्र हिमवर्षाव सुरू झाला आणि अर्ध्या तासात डांबराचा काळा रंग दिसेनासा झाला. मागील ॲक्सलच्या वर वाळूची पोती बांधून ठेवली होती, कारण रिकाम्या पिकअपचे वजन पुढे अधिक आणि मागे कमी असते व मागची चाके प्रथम सुटतात. गाडी शांतपणे चढली. उताराला लागण्यापूर्वी एका मोकळ्या वाहनतळावर पुतण्याने अगदी मंद वेगात ब्रेक दाबून पाहिले, आणि थांबण्याला कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट अंतर लागते हे पाहून पुढील गाडीपासूनचे अंतर त्याच हिशेबाने वाढविले. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा खंबाटकी आणि आंबोलीच्या चालकांचा पाठ येथेही जसाच्या तसा लागू पडतो. खाली येताना चारही चाकांना शक्ती देणारी एक नवी कोरी गाडी रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरलेली दिसली. माणसे सुखरूप होती.

गुरुवार. मुक्काम माँट्रोज.

कोरडा रस्ता, स्वच्छ ऊन, लिहिण्याजोगे थोडे. एक गोष्ट नोंदवितो: दुकानाच्या उबेत, सुमारे २० अंशांवर, भरलेली हवा आज पहाटे उणे १५ अंशांत मोजली तेव्हा सहा पौंड उतरलेली होती. तापमान साडेपाच अंशांनी घटले की साधारण एक पौंड हवा कमी भरते, हा नियम चालकाने पाठच करावा. मऊ टायर बर्फावर चांगला धरतो या समजुतीने ती तूट तशीच ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. महामार्गाच्या वेगात ते टायरचे अंग तापवून घेतात आणि वळणावरचा ताबा गमावतात. आम्ही थंड टायरांतच हवा पुरी केली.

शुक्रवार. मुक्काम सिल्व्हरटन.

ऊरे हे ७,७९२ फुटांवरचे खाणकामाचे जुने गाव सोडले की ५५० क्रमांकाचा रस्ता एकदम कड्याला लागतो. १८८० च्या दशकात ऑटो मिअर्स याने खाणींसाठी येथून पथकराची वाट काढली. आजचा रस्ता बहुतांशी तिच्याच मार्गाने जातो. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि कित्येक ठिकाणी कठडा नाहीच, कारण नांगराने बाजूला सारलेला बर्फ दरीत ढकलावयाला वाव हवा. हिमप्रपातात प्राण गमावलेल्या नांगरचालकांचे स्मारक याच रस्त्यावर आहे. तेथे आम्ही उतरलो आणि नमस्कार केला. ज्या रस्त्याच्या मोकळेपणावर आमच्या टायरांची सारी चर्चा उभी आहे, तो मोकळा ठेवण्यासाठी ही माणसे गेली.

११,०१८ फुटांच्या रेड माउंटन खिंडीच्या अलीकडे, सावलीतल्या एका वळणावर, दिवसा वितळून रात्री गोठलेल्या पाण्याचा गुळगुळीत पापुद्रा होता. गाडी पायी चालण्याच्या वेगात असूनही हातभर बाजूला सरकली, मग चिरांनी धरले. आमच्या टायरांची मर्यादा तेथे स्पष्ट झाली: दडपलेल्या बर्फावर ते विश्वासू, गोठलेल्या पाण्यावर केवळ समाधानकारक.

सिल्व्हरटनमध्ये जळाऊ लाकडे पोचविणाऱ्या एका गृहस्थाशी गाठ पडली. त्याच्या पिकअपला धातूच्या खुंट्या बसविलेले अस्सल हिवाळी टायर होते. "ऑल-टेरेन वाईट नाहीत," तो म्हणाला, "पण मी रोज याच वळणावरून जातो, आणि रोज ते वळण तसंच गोठलेलं असतं." उन्हाळ्यात तो दुसऱ्या रिमांवर चढवून ठेवलेले ऑल-टेरेन वापरतो, दोन्ही जोड आलटून पालटून चालल्याने प्रत्येक जोड अधिक वर्षे टिकतो, म्हणून खर्च वाटतो तितका वाढत नाही. पुतण्याने लगेच वही काढली. पुढल्या हिवाळ्यात त्याच्याकडे या बाजूच्या विहिरी सोपविल्या जाण्याचा संभव आहे. तसे झाल्यास नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत खुंट्यांचा जोड, आणि नेमणूक ग्रँड जंक्शनच्या कोरड्या खोऱ्यात राहिली तर हेच टायर बारमाही, अशी तजवीज ठरली. जादा रिमांची किंमत तो उद्या दुरँगोला विचारणार आहे.

(क्रमशः)