बोली सतराशे कोटींची

२०११ साली आमच्या साकोलीत पुणे वॉरियर्स या क्रिकेट संघाचे दोनच चाहते होते. एक माझे वडील आणि दुसरा मी. गावातील इतरांनी आपापल्या निष्ठा केव्हाच वाटून घेतल्या होत्या. सचिनमुळे कोणी मुंबईचे, धोनीमुळे कोणी चेन्नईचे. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त पुण्यात स्थिरावला होता, आणि ज्या गावाने आपल्या लेकराला पोटाशी धरले ते गाव आपले, असा बाबांचा साधा हिशेब होता. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. एकदा निष्ठा ठरली की ती मार्च महिन्यातल्या हजेरीपटासारखी, तिच्यात खाडाखोड नाही. मला मात्र त्या निष्ठेची शिक्षाच अधिक भोगावी लागली, कारण सामना संपला की बाबांचा रक्तदाब मोजण्याचे काम माझ्याकडे असे.

ज्या वाचकांना आयपीएलचे अर्थकारण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या स्पर्धेत संघ शहराच्या नावाने खेळतो, पण त्याची मालकी एखाद्या उद्योगसमूहाकडे असते. २००८ साली पहिले आठ संघ विकले गेले तेव्हा सर्वांत महाग मुंबईचा होता, सुमारे ११.२ कोटी डॉलरचा. मार्च २०१० मध्ये दोन नव्या संघांसाठी बोली लागली आणि सहारा समूहाने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे १,७०२ कोटी रुपये मोजण्याची तयारी दाखवली. मुंबईच्या तिपटीहून अधिक! बाबांनी ती बातमी मला दवाखान्यात आणून दाखवली होती. त्यांच्या चेहऱ्यावर, स्वतःच्या घरचे लग्न ठरल्यासारखा आनंद होता.

पहिल्या वर्षी दहा संघांत पुणे नववे आले. दुसऱ्या वर्षी नऊ संघांत नववे. तिसऱ्या वर्षी नऊ संघांत आठवे. तिन्ही वर्षी विजय मोजून चार. बाबा म्हणत, "पोरगा नापास होतो ते समजते, पण दरवर्षी तेवढेच मार्क घेऊन नापास होतो म्हणजे घरात कोणी पाहत नाही."

घरात कोणी पाहत नाही, ही त्यांची तक्रार पुढे पुढे पक्की होत गेली. संघाचा पहिला कर्णधार युवराज सिंग. त्याच्यावर लिलावात १८ लाख डॉलर खर्च झाले होते. २०११च्या विश्वचषकात तो खोकत, उलट्या करत खेळला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे निष्पन्न झाले की छातीत दोन्ही फुप्फुसांच्या मधोमध कर्करोगाची गाठ होती. (ओघात आले म्हणून सांगतो. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर दाखवून घ्यावा. विश्वविजेत्याला जे चुकले नाही ते आपल्यालाही चुकत नाही.) युवराज उपचारांसाठी अमेरिकेत असताना, त्याच्यावर खर्ची पडलेली रक्कम आम्हाला लिलावात नव्याने वापरू द्या, अशी मालकांनी क्रिकेट मंडळाकडे मागणी केली. मंडळाने नियमावर बोट ठेवले. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी बेंगळुरूला लिलाव भरला आणि त्या सकाळी पुण्याचे मालक स्पर्धेतूनच बाहेर पडल्याचे जाहीर झाले. दोन आठवड्यांत समेट झाला, पण लिलाव व्हायचा तो होऊन गेला होता. इतर संघ बाजारहाट करून परतले आणि आमची पिशवी रिकामी राहिली.

मालकांची बाजू अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. बोली लावताना हंगामात ९४ सामने होतील असे गृहीत होते, प्रत्यक्षात झाले ७४. ज्याने ९४ आंब्यांची पेटी घेतली त्याला ७४ आंबे मिळाले तर तो पैसे कमी करून मागणारच. पण चाहत्याला पेटीचे काय? त्याला संघ हवा असतो. बाबांचे मत स्पष्ट होते : "लग्नात हत्ती आणला आणि आता संसाराला तेल-मीठ आणायला पैसा नाही म्हणतात."

त्याच वर्षीच्या जुलैतली गोष्ट. धानाच्या रोवण्या चालू होत्या, पाऊस तीन दिवस थांबला नव्हता आणि वीज गेलेली होती. पहाटे न्हाणीघरात बाबांचा पाय घसरला. वय शहात्तर. मी पोहोचलो तेव्हा त्यांचा उजवा पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळला होता. निदानासाठी एक्स-रेची गरजच नव्हती. खुब्याचे हाड मोडले होते.

त्यानंतरच्या दहा दिवसांत मी जे केले त्याचे नातेवाइकांत आजही कौतुक होते. तासाभरात रुग्णवाहिका, नागपूरचा शंभरेक किलोमीटरचा रस्ता, ओळखीचे अस्थिरोगतज्ज्ञ, वातानुकूलित स्वतंत्र खोली, चांगल्यातला चांगला कृत्रिम खुबा. किती पैसे, असे मी एकदाही विचारले नाही. विचारणे मला कमीपणाचे वाटले असते. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी बाबा वॉकर धरून उभे राहिले. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी कागदावर पुढच्या सूचना लिहून दिल्या. तीन महिने फिजिओथेरपी. न्हाणीघरात व शौचालयात भिंतीला धरायला दांड्या. उंच खुर्चीचे कमोड. हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आणि त्यावरचे औषध. रात्री सोबतीला माणूस.

भंडाऱ्याहून एक तरुण फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा येऊ लागला. एका खेपेचे तीनशे रुपये. बारा खेपा झाल्यावर मी त्याला थांबवले. "व्यायाम आता कळले आहेत, मी करून घेईन," असे मी म्हणालो. मी डॉक्टर, घर दवाखान्यापासून तीनशे पावलांवर, मग बाहेरच्या माणसाची गरज काय? पण ते तापाच्या साथीचे दिवस होते, दवाखान्यातून उठायला रात्रीचे दहा वाजत. दांड्यांसाठी गवंडी येऊन गेला. फरशा फुटतील म्हणाला, म्हणून ते काम दिवाळीनंतर ठरले आणि दिवाळी होऊन गेली. हाडांची तपासणी करायला पुन्हा नागपूरला जावे लागले असते. रात्रीच्या माणसाला बाबांनीच नकार दिला आणि मला तो नकार सोयीचा वाटला.

एप्रिल येईपर्यंत बाबा पलंग ते खुर्ची एवढ्याच जगात राहत होते. उजवी मांडी डावीपेक्षा डोळ्यांना दिसेल इतकी बारीक झाली होती. उभे राहताना ते श्वास रोखत. ती वेदना नव्हती, पुन्हा पडण्याची भीती होती. कोणी विचारले तर मी सांगत असे, वयच झाले आता. हेच वाक्य एखाद्या रुग्णाच्या मुलाने उच्चारले असते तर मी त्याला चांगले खडसावले असते.

२३ एप्रिल २०१३. बेंगळुरू विरुद्ध पुणे. ज्यांनी तो सामना पाहिला ते विसरणार नाहीत. ख्रिस गेलने तीस चेंडूंत शतक ठोकले आणि ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या. त्यात १७ षटकार. बेंगळुरूच्या ५ बाद २६३. पुण्याचे गोलंदाज एकामागून एक येत होते आणि चेंडू प्रेक्षकांत जात होता. मी बाबांना म्हणालो, बंद करू का? त्यांनी मान हलवून नको म्हटले. आपला संघ हरत असताना उठून जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुणे १३० धावांनी हरले. मी रक्तदाबाचे यंत्र घेऊन जवळ बसलो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सतराशे कोटीची बोली लावायला होते. टीम सांभाळायला नव्हते." थोडे थांबून, यंत्राच्या पट्ट्याकडे पाहत पुढे म्हणाले, "आपल्या घरी बी तसंच झालं ना बापू. नागपुरात एसीची खोली घेतली होतीस. त्या भंडाऱ्याच्या पोराला मात्र महिन्यातच बंद केलं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उत्तर दिले असते.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. तीन महिन्यांच्या छत्तीस खेपांचे होतात दहा हजार आठशे रुपये. नागपूरला साधा कक्ष आणि वातानुकूलित खोली यांतला आठ दिवसांचा फरकच त्याहून जास्त होता. कृत्रिम खुब्याची किंमत तर मी मांडलीच नाही. म्हणजे पैसा होता. मोठा खर्च चार माणसांसमोर होतो, भीतीच्या क्षणी होतो आणि एकदाच होतो. तीनशे रुपये मात्र दर एक दिवसाआड, कोणी पाहत नसताना, खिशातून काढावे लागतात, आणि त्या दिवशी ते न काढले तरी संध्याकाळपर्यंत काहीच बिघडत नाही. बिघाड सहा महिन्यांनी मांडीत दिसतो.

खुब्याची शस्त्रक्रिया म्हणजे मोडलेला सांधा बदलणे. माणसाला चालवतात ते त्या सांध्याभोवतीचे स्नायू, आणि म्हातारपणी अंथरुणावर ते फार झपाट्याने झिजतात. ज्याचे हाड साध्या घसरण्याने मोडले त्याचे दुसरे हाडही मोडण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून ठिसूळपणावरचे औषध हवे. न्हाणीघरातली दांडी म्हणजे त्या औषधाचीच लोखंडी गोळी समजा. हे सारे मला परीक्षेपुरते नव्हे, रोजच्या कामापुरते ठाऊक होते.

बाबांवर अन्याय नको म्हणून सांगतो, काटकसरीला त्यांचा कधीच विरोध नव्हता. शिक्षकाच्या पगारात त्यांनी आम्हा भावंडांना शिकवले. २००८ साली राजस्थानचा संघ सर्व संघांत स्वस्त, पावणेसात कोटी डॉलरचा, आणि तोच पहिला विजेता ठरला. याचे दाखले ते उत्साहाने देत. मीही रुग्णांना हेच सांगतो. महागड्या नावाऐवजी जेनेरिक गोळी घेणे ही काटकसर आहे, आणि तीच गोळी पुरवून पुरवून एक दिवसाआड घेणे हा कद्रूपणा. साकोली तालुक्यात रक्तदाबाच्या गोळ्या दुसऱ्या पद्धतीने घेणारे कितीतरी आजी-आजोबा मला भेटतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी मागच्या दोन-चार वर्षांत एखादे लग्न दणक्यात झालेले असते. काटकसर करून जिंकणाऱ्या संघाचा अभिमान वाटतो. मालकाने लक्षच काढून घेतले की चाहत्याला ते मैदानाबाहेरूनही कळते. अमेरिकेतल्या ओकलंड शहराचे बेसबॉलप्रेमी जून २०२३ मध्ये एका सामन्याला मुद्दाम हजारोंनी जमले आणि संघ विकून टाका असे मालकाला ओरडून सांगत राहिले. ते वाचताना मला बाबांची आठवण झाली. माणसे ओरडतात ती हरल्यामुळे नव्हे. ओरडावे इतकी आशा त्यांच्यात शिल्लक असते म्हणून.

भंडाऱ्याचा तो तरुण पुन्हा येऊ लागला. आधीचे काम वाया गेल्याबद्दल एक शब्दही न बोलता त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. खुर्चीवरून हात न टेकता उठणे, पाच वेळा. पलंगाला धरून टाचा उचलणे. भिंतीलगत आडवे चालणे. दांड्या एका सकाळीच लागल्या, दोन फरशा फुटल्या. हाडांची तपासणी झाली आणि औषध सुरू झाले. दिवे गेले तरी उजेड राहावा म्हणून न्हाणीघराच्या वाटेवर बॅटरीचा दिवा आला.

याच सुमारास, २१ मे २०१३ रोजी, शुल्काच्या वादातून मंडळाने बँक हमीची रक्कम वसूल केल्यावर सहारा समूह स्पर्धेतून बाहेर पडला. ऑक्टोबरात मंडळाने करारच रद्द केला. पुणे वॉरियर्स संपले. मला वाटले, बाबा खचतील. त्यांनी बातमी पूर्ण वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "खेळाडूंचे वाईट वाटते." मग व्यायामाची वेळ झाली म्हणून हाक मारली. त्या वर्षी पोळ्याला ते काठी टेकत अंगणाच्या फाटकापर्यंत गेले आणि सजवलेल्या बैलांना उभ्याने हात लावला.

पुढे २०१६ साली दुसऱ्या मालकांचा, दोनच वर्षांसाठी आलेला पुण्याचा संघ झाला. २०१७ची अंतिम लढत तो मुंबईविरुद्ध एका धावेने हरला. बाबांनी सामना पाहिला, पण पाहुण्यासारखा. त्यांचे लक्ष तोवर घराकडे वळले होते. विदर्भाचा रणजी संघ साठ वर्षे कधी उपांत्य फेरीतही पोहोचला नव्हता. त्या हंगामात चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली आणि फैज फजलच्या नेतृत्वाखाली तो अंतिम फेरीत गेला. इंदूरला रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गड्यांनी सामना जिंकला.

त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. पडदा बाजूला झाला आणि बाबा आत आले, गळ्यात मफलर, हातात काठी. तीनशे पावले एकटे चालून आले होते. मी उठून खुर्ची पुढे केली. ते बसले, दम घेतला, विजयाची बातमी सांगितली. बाकावरच्या रुग्णांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे झुकून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारले, "त्या फिजिओच्या पोराचे या महिन्याचे पैसे दिलेस ना?"